रास्पबेरी पाय ४ आणि लिब्रेएलेक: घरच्या फायलींना झकास, ओटीटीला निरुपयोगी

आधी निकाल सांगून टाकतो. घरात हार्ड डिस्कवर किंवा नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) स्वतःचा साठा आहे, जुन्या डीव्हीड्यांतून उतरवलेली नाटकं आहेत, लग्नामुंजीची शूटिंग पडून आहेत आणि हे सगळं हॉलमधल्या टीव्हीवर, टीव्हीच्याच रिमोटने, जाहिरातींविना बघायचंय? मग २ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ हा आजही सगळ्यात बिनडोकेदुखीचा पर्याय आहे. पाय म्हणजे तळहातावर मावणारा संगणकाचा बोर्ड, आणि लिब्रेएलेक म्हणजे त्यावर कोडी हा मीडिया प्लेयर चालवणारी सिस्टिम. नेटफ्लिक्स, प्राइम, झी५ एवढंच बघायचं असेल तर मात्र हा बोर्ड घेऊ नका. साधी स्ट्रीमिंग स्टिक निम्म्याहून कमी पैशांत ते काम जास्त चांगलं करते.

ओटीटीचं असं का, ते समजून घेतलेलं बरं, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. या सेवा चित्राची गुणवत्ता वाइडव्हाइन नावाच्या कुलपावर ठरवतात. टीव्ही आणि स्टिकमध्ये त्याची एल१ पातळी असते, ती हार्डवेअरमध्ये बसवलेली असते. पायवर फक्त एल३, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर. कोडीवर या सेवांचं अधिकृत ॲप नाही. हौशी लोकांनी लिहिलेले ॲड-ऑन आहेत, ते चालतात तेव्हा चालतात, आणि चाललेच तरी नेटफ्लिक्ससारखी सेवा एल३ला कमी रिझोल्यूशन देते. ५५ इंची टीव्हीवर ते चित्र बघवत नाही. यूट्यूबचा ॲड-ऑन ठीक आहे, पण त्याला स्वतःची एपीआय की (ॲड-ऑनला आत सोडणारा कोड) काढून द्यावी लागते, आणि सेटिंगमध्ये १०८०पी व एच.२६४ (व्हिडिओ आवळण्याची जुनी पद्धत) एवढ्यावर बांधून ठेवावा लागतो. व्हीपी९ आणि एव्ही१ या यूट्यूबच्या नव्या पद्धती उलगडणारं हार्डवेअर या बोर्डात नाही, त्यामुळे यूट्यूबचं ४के विसरा.

आता मुख्य मुद्दा: कुठली फाइल चालते आणि कुठली अडते. तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं.

पाय ४ जून २०१९मध्ये आला. त्यातली चिप एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, हार्डवेअरमध्ये ४के ६० फ्रेमपर्यंत उलगडते, १०-बिटसकट. एचडीआर१० आणि एचएलजी हे जास्त उजळ-गडद छटांचे दोन्ही प्रकार टीव्हीपर्यंत नीट पोचतात. एच.२६४ मात्र हार्डवेअरमध्ये १०८०पी ६० पर्यंतच. गोची इथे होते. लग्नाचे फोटोग्राफर पेनड्राइव्हवर जी फाइल देतात, ती बऱ्याचदा ४के आणि एच.२६४ असते. अनेक अँड्रॉइड फोनचं ४के रेकॉर्डिंगही कॅमेऱ्यात एच.२६५ निवडलं नसेल तर एच.२६४मध्येच होतं. पाय ४ वर अशी फाइल लावली की आवाज पुढे आणि नवरदेव मागे. बोर्ड खराब नाही, ४के आकाराचं एच.२६४ त्याच्या हार्डवेअरच्या हद्दीबाहेर आहे आणि चारही कोअर जोर लावूनही पुरत नाहीत. उपाय एकच: संगणकावर हँडब्रेक हे व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर उघडा, फॉरमॅट एमकेव्ही, व्हिडिओ एन्कोडर एच.२६५ १०-बिट, आरएफ (गुणवत्तेचा आकडा) २० ते २२, ऑडिओ पासथ्रू (म्हणजे आवाज जसाच्या तसा), आणि रात्रभर चालू ठेवा. फाइलही बरीच लहान होते. मूळ फाइल मात्र पुसू नका.

जुन्या डीव्हीडीचं एमपेग-२ प्रोसेसरच सहज उलगडतो. पाय ३पर्यंत त्यासाठी वेगळी लायसन्स की विकत घ्यावी लागायची, ती भानगड पाय ४वर नाही. डॉल्बी व्हिजन मात्र अजिबात नाही. ज्या फाइलीत डॉल्बी व्हिजनखाली एचडीआर१०चा थर असतो, ती एचडीआर१० म्हणून दिसते. प्रोफाइल ५ वाल्या फाइलीत तो थरच नसतो, म्हणून चेहरे हिरवे-जांभळे दिसतात. कोडीच्या कुठल्याही सेटिंगने ते सुटत नाही. दुसरी प्रत शोधा.

पाय ५ घ्यावा का? ऑक्टोबर २०२३पासून तो मिळतोय, प्रोसेसर खूपच ताकदीचा आहे, मेन्यू लोण्यासारखे सरकतात. पण त्यातून एच.२६४चं हार्डवेअर काढून टाकलंय आणि फक्त एचईव्हीसीचं ठेवलंय. १०८०पी एच.२६४ तो प्रोसेसरच्या जोरावर हसतखेळत चालवतो, पण त्यापायी गरम होतो आणि पंखा लागतो. शांत प्रसंगात टीव्हीमागून येणारी पंख्याची घरघर ज्यांना चालत असेल त्यांनी घ्यावा. ३.५ एमएमचं ऑडिओ सॉकेटही त्यात नाही. त्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: बोर्डावर पॉवर बटण आहे, आणि १०८०पी एव्ही१ तो निभावून नेतो. निव्वळ टीव्हीला जोडायला म्हणून पाय ४ बरा. रॅम २ जीबी पुरते. १ जीबीवरही लिब्रेएलेक चालतं, पण ४केला तंग पडतं. ४ आणि ८ जीबीचे पैसे या कामात वाया जातात.

बोर्डाच्या किमतीवर जाऊ नका, पूर्ण बिल मांडा. बोर्ड, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा टाइप-सी अडॅप्टर, मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय केबल, १६ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड आणि ॲल्युमिनिअमची केस. सगळं मिळून बोर्डाच्या किमतीच्या दीडपटीच्या आसपास जातं. मेमरीच्या बाजारभावाबरोबर बोर्डाचे भावही हलतात, त्यामुळे घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी बघा. बोर्ड अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. केबल, केस वगैरे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात, फक्त एचडीएमआय अडॅप्टरचं बोंडुक (सुटा जोडतुकडा) घेऊ नका. बोंडुक आणि जाड केबल यांच्या वजनाने बोर्डावरचं बारीक सॉकेट कालांतराने सैल होतं. एकसंध केबलच घ्या.

अडॅप्टरवर पैसे वाचवू नका. पाय ४ला मोबाइलचा चार्जर लावला तर तो सुरू होतो, आणि इथेच लोक फसतात. फास्ट चार्जर ६५ वॅटचा असला तरी पायला ५ व्होल्टच मिळतात आणि बारीक केबलमध्ये त्यातलेही काही दशांश गळतात. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं, प्रोसेसर वेग कमी करतो आणि सिनेमा अडखळायला लागतो. टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून पाय चालवायची शक्कल तर सोडूनच द्या. तो पोर्ट अर्धा ते एक अँपिअर देतो. शंका असेल तर एसएसएच करून (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरून) व्हीसीजेनकमांडचं गेट-थ्रॉटल्ड चालवा. उत्तर निव्वळ शून्य आलं तर वीजपुरवठा ठीक. शेवटचा आकडा ५ असेल तर व्होल्टेज आत्ता कमी आहे. मधे ५ आणि पुढे सगळी शून्यं असतील तर सुरू केल्यापासून कधीतरी कमी पडलं होतं.

उष्णतेचंही बघावं लागतं. ८० अंशांना चिप स्वतःहून मंदावते. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या पाठीमागे, नागपूरच्या मे महिन्यात, झाकणबंद प्लॅस्टिकच्या केसमध्ये तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. चिपला थेट टेकणारी ॲल्युमिनिअमची केस असेल तर पंख्याची गरज नाही. धातूच्या केसमुळे वायफाय मात्र थोडं कमी पकडतं.

बसवणं सोपं आहे. रास्पबेरी पाय इमेजर उघडा, बोर्ड निवडा, मीडिया प्लेयरच्या यादीतून लिब्रेएलेक निवडा, कार्डवर लिहा, कार्ड बोर्डात घाला. पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते उरलेली जागा आपणहून ताब्यात घेतं, एकदा रीस्टार्ट होतं आणि थेट कोडी समोर येतं. विझार्डमध्ये एसएसएच आणि सांबा (नेटवर्कवरून फायली हलवायची सोय) दोन्ही चालू करा, पासवर्ड बदला. केबल दोनपैकी पॉवरच्या सॉकेटशेजारच्या पोर्टात लावा. टीव्हीचा रिमोट चालावा यासाठी तोच पोर्ट हवा. हे सगळं अर्ध्या तासात होतं. लिब्रेएलेकच्या आवृत्ती १२ मध्ये कोडी २१ आहे, त्यापुढची सगळी नावं त्यानुसार दिली आहेत.

खरा वेळ जातो तो पुढच्या तीन-चार सेटिंगवर. पहिली: सेटिंग्ज, प्लेयर, व्हिडिओज, ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट. हे ऑन स्टार्ट-स्टॉप करा. सिनेमा २४ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर अडकलेला असेल तर कॅमेरा आडवा सरकताना दर क्षणी हिसका बसतो. अनेकांना तो रोज दिसतो, कारण माहीत नसतं. दुसरी: सिस्टिम, डिस्प्ले. इथे मेन्यूचं रिझोल्यूशन १०८०पीच ठेवा आणि व्हाइटलिस्टमध्ये १०८०पी व ४केचे २३.९८, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४, ६० हे पर्याय निवडा. मेन्यू ४केत ठेवला की बोर्ड नुसत्या पोस्टरांनीच दमतो. व्हाइटलिस्ट भरली की ४के फाइल लावताक्षणी टीव्ही स्वतः ४केवर जातो आणि संपल्यावर परत येतो. मधे एक-दोन सेकंद पडदा काळा होतो, ते अपेक्षितच आहे. ४के ६० फ्रेम हवं असेल तर कॉन्फिग फाइलीत ४केपी६०ची ओळ वेगळी घालावी लागते आणि टीव्हीतही त्या एचडीएमआय पोर्टाचं अल्ट्रा एचडी किंवा एन्हान्स्ड सेटिंग चालू करावं लागतं. सिनेमा बघणाऱ्याला त्या ओळीची गरज नाही, टीव्हीतलं सेटिंग मात्र एचडीआरसाठी अनेकदा लागतं.

तिसरी आवाजाची. होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर पासथ्रू चालू करून त्याला पेलतील ते सगळे फॉरमॅट निवडा. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीसुद्धा पाय ४ जसेच्या तसे पाठवतो. साउंडबार टीव्हीच्या एआरसीवर (टीव्हीतून आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टावर) असेल तर प्रकरण वेगळं. अनेक टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, मग चित्र येतं पण आवाज गुल. अशा वेळी नंबर ऑफ चॅनेल्स २.० ठेवा, पासथ्रू चालू, त्यात फक्त डॉल्बी डिजिटल निवडा, आणि डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग चालू करा. साउंडबार ५.१ आहे म्हणून लोक इथे ५.१ निवडतात आणि ट्रान्सकोडिंगचा पर्यायच नाहीसा होतो. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर वापरणाऱ्यांना संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येत असतील तर सिनेमा चालू असताना ऑडिओ सेटिंगमध्ये व्हॉल्यूम ॲम्प्लिफिकेशन ६ ते १० डेसिबल वाढवा आणि ते सगळ्या फायलींसाठी कायम करा.

नेटवर्कला तारच लावा. फायबरचा राउटर बहुतेक घरांत टीव्हीजवळच असतो. पाय ४चा लॅन पोर्ट खरा गिगाबिट आहे. ४के ब्ल्यू-रेची अख्खी प्रत सरासरी ५० ते ८० एमबीपीएस खाते, पण मारामारीच्या प्रसंगात क्षणभर शंभरच्या पुढेही उसळी घेते. घरात केबलवाल्याने टाकलेली तार चार वायरींचीच क्रिंप केलेली असेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर अडते आणि नेमक्या अशा जागी सिनेमा थांबतो. आठही वायरी जोडलेली कॅट ५ई तार पुरेशी आहे. १०८०पीसाठी ५ गिगाहर्ट्झचं वायफायही चालतं. २.४ गिगाहर्ट्झवर जाऊ नका, विशेषतः यूएसबी ३ची डिस्क लावलेली असेल तर. यूएसबी ३च्या तारेतून त्याच पट्ट्यात खरखर बाहेर पडते, वायफाय कोलमडतं आणि वायरलेस कीबोर्डही दर दोन अक्षरांमागे एक गाळतो. कीबोर्डाचा डोंगल फूटभर एक्स्टेंशनवर लांब नेला तरी फरक पडतो. नॅसवरून बघत असाल तर एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटप पद्धतीपेक्षा लिनक्सवाल्यांचं एनएफएस हलकं पडतं.

डिस्क थेट बोर्डाला लावायची तर हिशोब लक्षात ठेवा: पाय ४चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. २.५ इंची एक डिस्क त्यात बसते, कारण फिरायला लागताना ती एक अँपिअरच्या आसपास ओढते. दुसरी लावली की दोन्ही टकटक करत गायब होतात. मग स्वतंत्र अडॅप्टरचा हब घ्या. डिस्क फक्त पायलाच लावायची असेल तर ईएक्सटी४ (लिनक्सचं फॉरमॅट) करा. विंडोजवरही फिरवायची असेल आणि एनटीएफएसच ठेवायचं असेल तर, लाइट गेल्यावर डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरू नका. अर्धवट बंद पडल्याची खूण तिच्यावर राहते आणि लिनक्स तिला हात लावत नाही. विंडोजवर चेकडिस्क चालवलं की परत येते. लिब्रेएलेकची मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडते, त्यामुळे वीज गेल्याने ती सहसा बिघडत नाही. बिघडलाच तर कोडीचा डेटाबेस. म्हणून लिब्रेएलेकच्या सेटिंगमधून महिन्याकाठी बॅकअप घ्या आणि तो कार्डवरच न ठेवता दुसरीकडे उतरवा.

मराठी सबटायटलं. कोडी २०पासून मजकुराची सगळी सबटायटलं लिबॅस या अक्षरं रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातात, त्यामुळे देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, बशर्ते फॉन्ट हवा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ताची टीटीएफ फाइल घ्या, विनएससीपी या फायली हलवणाऱ्या विंडोज सॉफ्टवेअरने बोर्डात शिरा, स्टोरेजमधल्या डॉट-कोडी फोल्डरात मीडिया आणि त्यात फॉन्ट्स, तिथे टाका. डॉट-कोडी लपलेला फोल्डर आहे, विनएससीपीत लपलेल्या फायली दाखवा हे चालू करावं लागतं. मग सेटिंग्ज, प्लेयर, सबटायटल्स, फॉन्ट इथे तो निवडा. एसआरटी फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह केलेली पाहिजे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइलीचं नाव सिनेमाच्या फाइलीसारखंच, शेवटी डॉट एमआर डॉट एसआरटी.

मराठी सिनेमांची पोस्टरं आणि माहिती टीएमडीबी या ऑनलाइन सिनेमा-सूचीवरून येते. फाइलीचं नाव रोमन लिपीत आणि कंसात वर्ष असं ठेवा. एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे निघाले की वर्षाशिवाय भलतंच पोस्टर चिकटतं. नाटकं, कीर्तनं, घरगुती शूटिंग हे त्या यादीत सापडणारच नाही, म्हणून त्यांचं वेगळं फोल्डर करा, त्याला माहिती शोधू नको असं सांगा आणि प्रत्येक फोल्डरात फोल्डर डॉट जेपीजी नावाचं एक चित्र टाका.

रिमोटचं काम एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच रिमोटचे इशारे नेणारी सोय, करते. सॅमसंगवर त्याला ॲनिनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. टीव्हीत ते चालू केलं की बाण, ओके, बॅक चालतात. काही टीव्ही मेन्यूचं बटण स्वतःकडेच ठेवतात, तेवढ्यापुरतं अँड्रॉइड मोबाइलवर कोडीचं अधिकृत कोरे ॲप घ्या. पाय ४ बंद केला तर रिमोटने परत सुरू होत नाही, प्लग काढून घालावा लागतो. तो बंदच करू नका. रिकामा असताना साधारण ३ वॅट खातो, महिनाभर चालू ठेवला तर दोन-सव्वादोन युनिट. कोडीत टीव्ही बंद झाल्यावर फक्त प्लेबॅक थांबव एवढं निवडा. लाइट गेल्यानंतर टीव्हीच्या आधी पाय सुरू झाला आणि पडदा काळाच राहिला, तर टीव्ही चालू ठेवून एसएसएचमधून गेट-ईडीआयडी क्रिएट ही आज्ञा एकदा द्या. टीव्हीची ओळख बोर्डात साठते आणि ही कटकट संपते.

काहीजण पायलाच सर्व्हर करतात: त्यावर जेलीफिन (घरच्या फायली टीव्हींना पुरवणारं सॉफ्टवेअर) आणि घरातल्या दोन-तीन टीव्हींवर जेलीफिनचं ॲप. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल तोवर पाय ४ हे आरामात करतो, कारण त्याला फक्त फाइल पुढे ढकलायची असते. पण टीव्हीला एखादा फॉरमॅट चालला नाही, किंवा ब्ल्यू-रेवरून आलेली चित्ररूप सबटायटलं लावली, की जेलीफिन चित्र नव्याने रचायला घेतं आणि बोर्ड गुडघे टेकतो. पाय ५मध्ये तर एन्कोडरच नाही. सर्व्हरसाठी जुना इंटेलचा मिनी पीसी बघा, पाय टीव्हीपाशीच राहू द्या.

डीडी फ्री डिश घरी असेल तर एक जोड चांगली जमते. लिनक्सला चालणारा डीव्हीबी-एस२चा (उपग्रह टीव्ही पकडणारा) यूएसबी ट्यूनर आणि लिब्रेएलेकवरचा टीव्हीहेडएंड हा चॅनेल दाखवणारा व रेकॉर्ड करणारा ॲड-ऑन, डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५कडे, आणि सह्याद्रीवरचं कार्यक्रमाचं वेळापत्रक लावून रेकॉर्डिंग थेट डिस्कवर. ट्यूनर घेण्याआधी त्याची चिप लिनक्स कर्नलच्या यादीत आहे का ते तपासा, खोक्यावरचं नाव तेच राहतं आणि आतली चिप बदलते.